ठेका आपला, नियम कीबोर्डचे

डाव्या हाताने सी मेजरचे तीन सूर दाबले की तालवाद्ये, बास, गिटार आणि व्हायोलिनचा सगळा ताफा वाजू लागतो. बोटे एफ मेजरवर गेली की तोच ताफा त्याच लयीत एफवर येतो. लग्नाचा स्वागत समारंभ, शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीचा गणपती, हॉटेलातली संध्याकाळ, अशा ठिकाणी एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराला साथ देणारा हा वाद्यवृंद एका छोट्या फाइलमध्ये राहतो. कीबोर्डवाले तिला 'स्टाइल' म्हणतात आणि अशा स्टाइल वाजवणाऱ्या कीबोर्डला 'अरेंजर'.

कंपनीने दिलेली स्टाइल आपल्या गाण्याला जशीच्या तशी क्वचितच बसते. बास फार धावतो, भाग बदलताना मध्ये येणारा छोटा तुकडा म्हणजे 'फिल-इन' भडक वाटतो, ठेक्याचे वजन चुकते. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर एकेक सूर दुरुस्त करणे कष्टाचे असते. त्यामुळे ती फाइल संगणकावर घ्यावी, क्युबेस, रीपर किंवा केकवॉकसारख्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, मोठ्या पडद्यावर सुधारावी आणि परत कीबोर्डवर न्यावी, असा विचार प्रत्येक वादकाच्या मनात येतो. हे कितपत जमते, कुठे फसते आणि कोणते काम कुठे करावे, याचा हा आढावा.

ठेक्याच्या डब्यापासून स्टाइलपर्यंत

यंत्राने साथ करण्याची कल्पना इलेक्ट्रॉनिक वाद्यांना जोडणाऱ्या 'मिडी' या प्रमाणापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीचे 'साइडमन' हे ठेका वाजवणारे यंत्र १९५९ सालचे. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीने १९६७मध्ये 'रिदम एस' आणले. याच काकेहाशींनी १९७२मध्ये रोलँड कंपनी सुरू केली. पुढे घरगुती ऑर्गनमध्ये ठेक्याबरोबर बास आणि कॉर्डही आपोआप वाजू लागले. तोवर हे सारे यंत्राच्या आत कायमचे बसवलेले होते. वाजवणाऱ्याला त्यात हात घालता येत नव्हता.

१९८३मध्ये मिडी आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. त्याच दशकाच्या शेवटी मिडी फाइलचा प्रमाणित आराखडा ठरला. १९९१मध्ये 'जनरल मिडी'ने कोणत्या क्रमांकावर कोणते वाद्य आणि ड्रमच्या कोणत्या पट्टीवर कोणता आघात हे ठरवून दिले. रोलँडचा ई-२० (१९८८) आणि कॉर्गचा आय-३ (१९९३) हे या काळातले महत्त्वाचे अरेंजर. साथीचा आराखडा फ्लॉपीवर आला, कीबोर्डच्या बाहेर पडला आणि हाताळता येण्याजोगा झाला. संपादनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून उभा राहिला.

फाइलच्या पोटात काय असते

यामाहाची स्टाइल फाइल सर्वाधिक अभ्यासली गेली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. तिचा पहिला भाग साधी मिडी फाइल असतो, तीही सगळे चॅनल एकाच ट्रॅकमध्ये गुंडाळलेली, म्हणजे 'टाइप शून्य'. गाण्याच्या फाइलमध्ये सूर आरंभापासून अखेरपर्यंत सलग असतात. इथे मात्र एकामागोमाग एक तुकडे मांडलेले असतात: इंट्रो, मेन ए ते डी, फिल-इन, ब्रेक, एंडिंग. कोणता तुकडा कुठे सुरू होतो हे 'मार्कर' सांगतात. एका मार्करपासून पुढच्या मार्करपर्यंतचे अंतर ही त्या तुकड्याची लांबी. तीन इंट्रो, चार मेन, चार फिल, एक ब्रेक आणि तीन एंडिंग धरले तर पूर्ण स्टाइलचे १५ तुकडे होतात. प्रत्येकात आठ भाग: दोन तालाचे, एक बासचा, दोन कॉर्डचे, एक पॅडचा आणि दोन फ्रेजचे. कीबोर्डवर ते ९ ते १६ या चॅनलवर वाजतात.

सगळ्यात आधीचा एक बार सुरांचा नसतो. कोणत्या चॅनलवर कोणता टोन, आवाज किती, रिव्हर्ब किती, कोणता इफेक्ट कुठे जोडायचा, हे त्यात लिहिलेले असते. त्यातले काही संदेश फक्त त्या कंपनीच्या यंत्राला कळतात. त्यांना 'सिस्टीम एक्सक्लुसिव्ह' म्हणतात.

मिडीचा भाग संपल्यावर 'कॅझम' नावाचा विभाग सुरू होतो. स्टाइलला स्टाइलपण देणारा हाच. मूळ सूर कोणत्या कॉर्डमध्ये लिहिले आहेत (बहुधा सी मेजर सेव्हन्थ), वादकाने दुसरी कॉर्ड धरली तर ते कसे बदलायचे, कुठल्या सुराच्या वर गेले की सप्तक खाली आणायचे, कॉर्ड बदलताना वाजत असलेला सूर थांबवायचा की सरकवायचा, हे सारे नियम प्रत्येक चॅनलसाठी तिथे असतात. शिवाय ३४ प्रकारच्या कॉर्डपैकी कोणत्या कॉर्डला हा चॅनल गप्प ठेवायचा, हेही तिथेच ठरते. या शेवटच्या सोयीमुळे एकाच बासरीच्या जागेसाठी दोन वेगळे तुकडे लिहिता येतात, एक मेजरसाठी आणि एक मायनरसाठी. वादक जी कॉर्ड धरेल त्याप्रमाणे एक वाजतो, दुसरा मूक राहतो.

कॅझमच्या पाठोपाठ 'वन टच सेटिंग'चा भाग येतो. उजव्या हाताला कोणता टोन द्यायचा ते त्यात असते. काही फाइलमध्ये गाण्यांच्या नोंदीचा भागही असतो. २००८च्या टायरॉस-३पासून यामाहाने आराखड्याची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात गिटारच्या खऱ्या कॉर्ड-आकारांप्रमाणे सूर मांडण्याचे नियम वाढले.

सॉफ्टवेअरला अर्धीच फाइल दिसते

मिडी फाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने अनोळखी विभाग भेटला तर तो सोडून पुढे जावे, असे मिडी फाइलच्या प्रमाणातच म्हटले आहे. म्हणून स्टाइल फाइलचे शेपूट बदलून 'मिड' केले की ती बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये विनातक्रार उघडते. सूर दिसतात, वाजतात, बदलता येतात. पण कॅझम आणि वन टच सेटिंग वाचलेच गेलेले नसतात, त्यामुळे फाइल साठवताना ते परत लिहिलेही जात नाहीत. नवी फाइल कीबोर्डवर नेल्यावर ती मूळ नियम हरवलेली असते. कीबोर्ड मग स्वतःचे ठरावीक नियम लावतो. साध्या स्टाइलला ते चालून जाते. पण मायनर कॉर्डसाठी वेगळा चॅनल असलेली स्टाइल एकदम कर्कश होते, कारण एरवी एक वाजताना दुसरा गप्प राहायचा, ते दोन्ही आता आपापली जागा सोडून वागतात.

आणखीही काही गोष्टी नकळत बदलतात. साठवताना 'टाइप एक' निवडला गेला तर प्रत्येक चॅनल वेगळ्या ट्रॅकमध्ये जातो आणि कीबोर्ड फाइल नाकारू शकतो. मार्करची नावे अक्षर न् अक्षर जुळावी लागतात, एखादी मोकळी जागा कमी-जास्त झाली तरी तो तुकडा सापडत नाही. शेवटच्या तुकड्याची लांबी ट्रॅक कुठे संपतो त्यावर ठरते. सॉफ्टवेअरने शेवटच्या सुरापाशीच ट्रॅक संपवला तर एंडिंग तुटते, पुढे मोकळे बार जोडले तर ते रेंगाळते. एका तुकड्यातला लांब सूर मार्कर ओलांडून पुढच्या तुकड्यात गेला असेल, तर मूळ तुकडा वाजताना त्याचा शेवट सापडत नाही.

या सगळ्यावर एकच तोडगा वर्षानुवर्षे टिकला आहे: सुरांचे काम संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे आणि नियमांचा विभाग मूळ फाइलमधून परत जोडायचा. यामाहाच्या स्टाइलसाठी हौशी जाणकारांनी छोटे, बहुतेक मोफत प्रोग्रॅम लिहिले आहेत. त्यांपैकी काही कॅझम उघडून दाखवतात, बदलू देतात आणि एका फाइलचा कॅझम दुसरीत बसवतात, काही फक्त वन टच सेटिंग सांभाळतात, तर काही आवाजाची मिक्सिंग पाहतात. कंपन्यांनी जे दिले नाही ते या लोकांनी फाइलचा बाइट न् बाइट वाचून शोधले आणि सर्वांना मोकळे केले. स्टाइल संपादनाची आजची विद्या मुख्यतः त्यांच्या श्रमावर उभी आहे.

कोणते सॉफ्टवेअर सोयीचे

इथे लोकप्रियतेपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात: मार्कर नीट वाचता-लिहिता येतात का, सिस्टीम एक्सक्लुसिव्ह संदेश जसेच्या तसे राहतात का, टाइप शून्य फाइल काढता येते का, आणि प्रत्येक घटना यादीत पाहता येते का.

क्युबेसमध्ये मार्करचा स्वतंत्र ट्रॅक आहे. मिडी फाइल काढताना मार्कर घ्यायचे का, टाइप शून्य हवा का, काळाची सूक्ष्मता किती ठेवायची, हे पर्याय समोर येतात. क्युबेस बनवणारी स्टाइनबर्ग कंपनी २००५पासून यामाहाच्या मालकीची आहे. तरीही क्युबेस स्टाइल फाइलचे नियम जाणत नाही, ही वादकांची जुनी आणि रास्त खंत आहे. रीपर स्वस्त आणि हलके आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते. त्यातही मार्करसकट एकाच ट्रॅकची फाइल निघते. केकवॉकची घटनांची यादी तपशीलवार आहे, आणि २०१८मध्ये बँडलॅबने ते मोफत केल्यावर अनेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. लूप जुळवून गाणी बांधण्यासाठी घडलेली एबलटन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओसारखी सॉफ्टवेअरे आपल्या जागी उत्तम आहेत. पण मिडी फाइल बारकाव्यासकट उघडून तशीच परत लिहिणे हा त्यांचा गाभा नाही. या कामाला ती घेऊ नयेत.

सूक्ष्मतेबद्दल थोडे. यामाहाच्या अलीकडच्या कीबोर्डवर एका चतुर्थांश सुराचे १९२० भाग होतात. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एक भाग म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही साधारण तिसरा हिस्सा. फाइल ४८० भागांनी साठवली तरी फरक सव्वा मिलिसेकंदाच्या आत राहतो आणि कानाला कळत नाही. खरे नुकसान करते ती 'क्वांटाइझ'ची कळ. ती प्रत्येक आघात रेघेवर आणून बसवते, आणि ठेक्यातला वादक निघून जातो.

सूर बदलताना

तालाचे चॅनल संपादनाला सर्वांत सुरक्षित. कॉर्ड बदलल्याने ताल बदलत नाही, त्यामुळे नियमांचा धोका नसतो. एक पथ्य मात्र पाळावे: सगळे ट्रॅक एकदम निवडून सूर वर-खाली करू नयेत. ड्रमच्या चॅनलवर प्रत्येक सूर म्हणजे एक वाद्य. जनरल मिडीच्या रचनेत ३६वर बास ड्रम, ३८वर स्नेअर, ४२वर बंद हाय-हॅट आणि ४६वर उघडी. दोन पट्ट्या वर सरकवले की बास ड्रमच्या जागी स्नेअर वाजू लागतो.

बासचा चॅनल मध्यम कठीण. मूळ कॉर्ड सी मेजर सेव्हन्थ असेल तर बासची चाल सी, ई, जी, बी याच सुरांभोवती ठेवावी. त्यात कोमल निषाद किंवा तीव्र मध्यम घातला तर सीवर तो गोड वाटेल, पण मायनर किंवा डिमिनिश्ड कॉर्डवर तोच सूर कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नाही. कमी सुरांची चाल जास्त कॉर्डवर टिकते, हा या कामातला अनुभवाने पटणारा नियम आहे.

गिटारचा चॅनल सर्वांत फसवा. यामाहाचे 'मेगा व्हॉइस' टोन आघाताच्या जोरावरून वाजवण्याची तऱ्हा ठरवतात. नायलॉन गिटारच्या अशा टोनमध्ये साधारण ६०पर्यंतचा जोर म्हणजे मोकळी तार, त्यापुढे दाबलेली तार, मग हॅमर, मग घसरण आणि अगदी वर १२१ ते १२७ला हार्मोनिक. वरच्या सप्तकातल्या काही पट्ट्यांवर सुरांऐवजी तारेवरून हात घासल्याचे आवाज असतात. सॉफ्टवेअरमध्ये 'गिटार थोडी मोठी करू' म्हणून जोर वाढवला तर ती मोठी होत नाही, वेगळ्याच तऱ्हेने वाजू लागते. तिचा आवाज वाढवायचा तर चॅनलच्या व्हॉल्यूमने वाढवावा, जोराला हात लावू नये. संगणकावर ऐकताना हा टोन नसतो, त्यामुळे ते सूर विचित्र भासतात, आणि ते 'चुकीचे' समजून पुसण्याचा मोह होतो. म्हणून असे काम करताना कीबोर्ड यूएसबीने संगणकाला जोडून आवाज कीबोर्डचाच ऐकावा.

नियम बदलताना

कॅझममधले दोन नियम कळले तरी निम्मे काम होते. पहिला मूळ स्वराचा: कॉर्डचा मूळ स्वर बदलला की सूर त्याच अंतराने सरकवायचे, की आहे तिथेच राहून जवळचा सूर शोधायचा? बास आणि फ्रेज सरकतात. कॉर्डची साथ आणि पॅड जागेवर राहून जवळचा सूर घेतात, म्हणून कॉर्ड बदलताना उडी ऐकू येत नाही. दुसरा नियम कॉर्डच्या प्रकाराचा: मेजरचा मायनर झाला तर फक्त गंधार उतरवायचा, की सहावा-सातवाही बदलायचा?

आपल्या गाण्यांसाठी या नियमांचा एक उपयोग फार मोलाचा आहे. भजनात किंवा नाट्यपदात तंबोऱ्याचा षड्ज-पंचम चालू ठेवायचा असतो. कॉर्ड कोणतीही आली तरी तो हलता कामा नये. त्या चॅनलला मूळ स्वर स्थिर ठेवायचा आणि कॉर्डचा तक्ता न लावण्याचा नियम दिला की डाव्या हाताने काहीही धरले तरी षड्ज जागेवर राहतो. गायकाची पट्टी मात्र कीबोर्डच्या ट्रान्सपोजने बदलता येते. हे काम सुरांचे सॉफ्टवेअर करू शकत नाही. ते कॅझम उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा कीबोर्डच्या स्टाइल क्रिएटरमध्येच होते.

कॉर्ग आणि इतर

कॉर्गची वाट निराळी आहे. पीए मालिकेच्या प्रत्येक व्हेरिएशनमध्ये सहापर्यंत 'कॉर्ड व्हेरिएशन' असतात. म्हणजे मेजर, मायनर, सेव्हन्थ यांसाठी वेगळे तुकडे हातानेच लिहिता येतात आणि कोणत्या कॉर्डला कोणता वाजवायचा हे एका तक्त्यात ठरते. इंट्रो, फिल आणि एंडिंगला असे दोन मिळतात. नियमांवर भिस्त कमी, लिखाणाची मेहनत जास्त.

संपादनाच्या दृष्टीने कॉर्गने एक चांगली सोय ठेवली आहे: मिडी फाइल थेट स्टाइलमध्ये आयात करता येते. तुकड्याच्या आरंभी 'व्ही१सीव्ही१' अशा साच्यातला मार्कर रोमन लिपीत लिहायचा, बास ९वर, ड्रम १०वर, पर्कशन ११वर आणि साथीचे पाच भाग १२ ते १६वर ठेवायचे. संगणकावर कोऱ्या पानापासून स्टाइल लिहिणाऱ्याला कॉर्ग जास्त सोपा जातो. तयार स्टाइल थोडी सुधारायची असेल, तर यामाहाभोवती साधने अधिक आहेत.

कॅसिओच्या वरच्या मॉडेलमध्ये कीबोर्डवरच ठेका बदलण्याची सोय असते. रोलँडच्या स्टाइलही बाहेरून आणता येतात, पण त्यांच्याभोवतीची साधने कमी. एका कंपनीची स्टाइल दुसऱ्या कंपनीच्या साच्यात बदलणारे प्रोग्रॅमही आहेत, त्यांत ईएमसीचे 'स्टाइल वर्क्स' प्रसिद्ध आहे. असा बदल सूर नीट नेतो, टोन अंदाजाने जुळवतो आणि ड्रम किटच्या बाबतीत हमखास मदत मागतो. विशेषतः भारतीय वाद्यांची किट प्रत्येक कंपनीत वेगळ्या क्रमांकावर असते. किट चुकली की तबल्याच्या 'ना'च्या जागी भलतेच वाद्य वाजते. असे रूपांतर ही कामाची सुरुवात समजावी.

आपले ताल या चौकटीत

यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि कॅसिओच्या 'आयएन' मॉडेलमध्ये भारतीय ठेके आणि वाद्ये मिळतात. यामाहाने तर काही मॉडेलमध्ये रियाजासाठी तंबोरा-तबल्याची सोयही दिली. पण हे ठेके साऱ्या देशासाठी बनवलेले असतात. अभंग, लावणी, कोळीगीत, गोंधळ, पोवाडा यांचे बाज त्यांत पूर्णपणे सापडत नाहीत. मराठी वादकाला संगणकाकडे वळावे लागते ते यासाठी.

केहरवा, धुमाळी आणि भजनी या तिन्हींच्या मात्रा आठच. केहरवा 'धा गे ना ति न क धि न' या बोलांनी चालतो. धुमाळी आणि भजनीचे वजन वेगळ्या मात्रांवर पडते, आणि भजनीत टाळांचा उघडा-बंद आवाज ठेक्याइतकाच महत्त्वाचा असतो. तयार केहरव्याची लय बदलून भजनी होत नाही. आघातांच्या जागा, त्यांचा जोर आणि टाळ हे तिन्ही नव्याने लिहावे लागतात. चौकटीत आघात दिसत असल्याने सॉफ्टवेअरचा मोठा पडदा इथे खरा कामी येतो. पण ते लिहिण्याऐवजी वाजवून घेणे अधिक चांगले. ऑक्टोपॅड मिडीने जोडून तालवादकाकडूनच दोन-चार आवर्तने वाजवून घ्यावीत, त्यातले सर्वांत जमलेले निवडावे, आणि फक्त घसरलेले आघात हाताने सुधारावेत.

फिल-इनची अडचण तालरचनेतून येते. यामाहात फिल एकाच बारचा असतो. एक मात्रा म्हणजे चतुर्थांश सूर धरला तर आठ मात्रांचे आवर्तन चार-चारच्या दोन बारमध्ये जाते आणि फिलला अर्धेच आवर्तन मिळते. तिहाई त्यात बसत नाही. मात्रा अष्टमांश सुराची धरली आणि लयीचा आकडा निम्मा केला, तर पूर्ण आवर्तन एका बारमध्ये येते आणि फिलही पूर्ण आवर्तनाचा होतो. दादऱ्याच्या सहा मात्रा सहा-आठमध्ये आणि रूपकच्या सात मात्रा सात-आठमध्ये याच रीतीने नीट बसतात. फिल वादकाने कळ दाबल्यावर बारच्या मधूनच सुरू होऊ शकतो, म्हणून तो असा लिहावा की कुठूनही शिरला तरी समेवर स्वच्छ उतरेल. वजनदार बोल बारच्या उत्तरार्धात ठेवले की हे साधते.

डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे हात घासून वाकवलेला सूर, ही दुसरी अडचण. सूर वाकवण्याचा मिडी संदेश संपूर्ण चॅनलला लागू होतो. डग्गा, चाट आणि टाळ एकाच चॅनलवर असतील तर एकट्या डग्ग्याला वाकवता येत नाही. तालाचे दोन चॅनल त्यासाठीच वापरावेत: एकावर फक्त डग्गा किंवा ढोलकीची डावी पुडी, दुसऱ्यावर बाकी सारे. ज्या टोनला असा संदेश लागूच होत नाही तिथे घिश्श्याचे दोन-तीन तयार नमुने वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवावेत. टाळांसाठी उघडा आणि बंद आवाज एकाच गटात टाकावा, म्हणजे बंद वाजला की उघड्याची आस तुटते. हाय-हॅट याच युक्तीने वाजते.

हलगी, संबळ, दिमडी, आणि गोव्याचे घुमट ही वाद्ये कंपनीच्या किटमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. ती वाजवणाऱ्याकडून स्वच्छ ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि कीबोर्डमध्ये नवी किट म्हणून भरावीत. यामाहाच्या वरच्या मॉडेलसाठी 'एक्स्पान्शन मॅनेजर' हा कंपनीचाच प्रोग्रॅम आहे, कॉर्गच्या पीए मालिकेतही बाहेरचे आवाज भरता येतात. प्रत्येक आघाताचे हळू, मध्यम आणि जोरकस असे किमान तीन नमुने घेतले तर यंत्रपणा खूपच कमी होतो.

कीबोर्डविना आणि आवाजाच्या स्टाइल

कीबोर्डशिवायही स्टाइल वाजवता येतात. 'वन मॅन बँड' आणि 'व्हीअरेंजर' ही सॉफ्टवेअरे यामाहाच्या स्टाइल नियमांसकट वाचतात आणि कोणत्याही मिडी कीबोर्डवरून चालतात. सुधारलेली स्टाइल मंचावर नेण्याआधी त्यांत तपासता येते. कॅनडाच्या पीजी म्युझिकचे 'बँड इन अ बॉक्स' १९९०पासून आहे. ते आधी लिहिलेल्या कॉर्डवरून साथ तयार करते, त्यामुळे सरावाला उत्तम.

दुसरीकडे काही नव्या कीबोर्डमध्ये तालाचा भाग खऱ्या वादकाच्या ध्वनिमुद्रणाचा असतो. इटलीच्या केट्रॉनचा भर त्यावरच आहे आणि यामाहाच्या टायरॉस-५मध्येही अशा ऑडिओ स्टाइल होत्या. त्या ऐकायला सुंदर असतात, पण त्यांत एकेक आघात पकडून बदलता येत नाही. संपादनाचे स्वातंत्र्य हवे असेल तर मिडीच्या स्टाइलला अजून पर्याय नाही.

मालकीचा प्रश्न

आपल्याकडे पेनड्राइव्हवर हजारो स्टाइल भरून विकल्या जातात. त्यांतल्या पुष्कळ कंपनीच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या मेहनतीच्या असतात, नाव पुसून पुढे गेलेल्या. विकत घेतलेल्या स्टाइलमध्ये स्वतःच्या कार्यक्रमापुरता बदल करणे वेगळे आणि तीच चार सूर बदलून विकणे वेगळे. भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ सालचा आहे आणि त्यात संगीतकृतीला संरक्षण आहे. पण कायद्याच्याही आधी वादकांची परस्परांशी बांधिलकी येते. ठेका ज्याने वाजवला त्याचे नाव फाइलबरोबर जावे, आणि ती विकली गेली तर त्याला त्याचा वाटा मिळावा. संबळ किंवा हलगी वाजवणाऱ्या कलाकाराच्या हाताचे मोल क्वचितच मिळते. ध्वनिमुद्रण करून घेताना हे स्पष्ट बोलून, लिहून ठेवावे.

कामाची विभागणी

या सगळ्यातून कामाची विभागणी स्पष्ट दिसते. ताल, फिल, बासची चाल आणि आघातांचे वजन संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये करावे. कॉर्डचे नियम कॅझमच्या प्रोग्रॅममध्ये किंवा कीबोर्डवर ठरवावेत. टोन, आवाज आणि इफेक्ट कीबोर्डवरच कानाने जुळवावेत. मूळ फाइलची प्रत नेहमी बाजूला ठेवावी, पहिल्या बारला हात लावू नये, फाइल टाइप शून्यच काढावी आणि मार्करच्या सीमा ओलांडू देऊ नयेत. काम झाले की स्टाइल सीवर ऐकून समाधान मानू नये. मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड अशा कॉर्ड धरून, प्रत्येक तुकडा संथ आणि जलद लयीत वाजवून पाहावा. दोष तिथेच उघडे पडतात.

मराठी वादकांपुढचे खरे काम मात्र यापुढचे आहे. भजनी ठेका, लावणीची ढोलकी, गोंधळाचे संबळ यांच्या नीट बांधलेल्या, नियम जपलेल्या, वाजवणाऱ्याचे नाव असलेल्या स्टाइल अजून फारच थोड्या आहेत. कंपन्या साऱ्या देशाचा विचार करून ठेके बनवत राहतील, आपल्या तालांची बारकाई त्यांच्याकडून येणार नाही. ती ज्यांच्या हातात आहे अशा तालवादकांनी आणि ज्यांना फाइलचे नियम कळतात अशा कीबोर्डवाल्यांनी एकत्र बसून हे काम करावे. त्यासाठी लागणारा लॅपटॉप साधा चालतो, लागणारे प्रोग्रॅम बहुतेक मोफत आहेत आणि माहिती उपलब्ध आहे. संगीत विद्यालयांनी कीबोर्डच्या अभ्यासक्रमात स्टाइल-रचनेला जागा दिली, तर ही विद्या थोड्या हौशी लोकांपुरती न राहता नव्या पिढीपर्यंत पोहोचेल, आणि गावोगावच्या मंचावर आपली गाणी आपल्याच ठेक्यावर उभी राहतील.